सरांबद्दलची आमची मतं सरासरीत बसत नाहीत

प्रति,
मा. अधिष्ठाता, मानव्यविद्या शाखा
आणि अध्यापन मूल्यमापन समितीचे सर्व सन्माननीय सदस्य

विषय : पाली व बौद्ध अध्ययन विभागातील एका प्राध्यापकांविषयी विद्यार्थ्यांनी दिलेला अभिप्राय आणि त्यावरून समितीने केलेली शिफारस

महोदय,

आपल्या समितीच्या बैठकीचं इतिवृत्त विभागाच्या सूचनाफलकावर लागलं, त्याचा फोटो माजी विद्यार्थ्यांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर आला आणि तेव्हापासून तो ग्रुप शांत झालेला नाही. इतिवृत्तात आमच्या सरांच्या नावापुढे ‘समाधानकारक’ असा शेरा आहे. जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकलेल्या कुणालाही विचारा, प्रगतिपुस्तकात ‘समाधानकारक’ लिहिलं की घरी समाधान होत नाही. पण खरी गोम त्याखालच्या ओळीत आहे. विद्यार्थ्यांच्या भावना लक्षात घेऊन एम.ए.च्या पहिल्या वर्षाचा बुद्धचरित्राच्या साधनांचा पेपर पुढच्या सत्रापासून सरांकडून काढून घ्यावा, अशी शिफारस आपण केली आहे.

हा पेपर मी त्यांच्याकडे शिकले. आता एका कनिष्ठ महाविद्यालयात तासिका तत्त्वावर पाली शिकवते. हे पत्र सरांनी मला लिहायला सांगितलेलं नाही. त्यांना कळलं तर ते आधी माझ्या ऱ्हस्व-दीर्घावर लाल शाई फिरवतील. सर निर्दोष आहेत असंही मला म्हणायचं नाही, त्यांचे दोष पुढे येतीलच. माझं म्हणणं एवढंच आहे की आपण आमची मतं गोळा केलीत, त्यांची बेरीज केलीत, भागाकार केलात, पण ती वाचली नाहीत.

आधी फॉर्मबद्दल. तो नॅकच्या, म्हणजे महाविद्यालयांचं मूल्यांकन करणाऱ्या राष्ट्रीय संस्थेच्या, नमुन्यावरून बेतलेला आहे. पहिलाच प्रश्न : अभ्यासक्रमाचा किती भाग वर्गात शिकवून झाला? ८५ ते १०० टक्के, ७० ते ८४ टक्के, असे पर्याय उतरत जातात. असे वीस प्रश्न टिचकी मारून संपवायचे. एकविसाव्यात तेवढी मोकळी जागा असते, तिथे सूचना लिहायच्या. आपल्याकडे हा फॉर्म भरल्याशिवाय हॉलतिकीट डाउनलोड होत नाही, हे आपल्याला ठाऊक असेलच, कारण तशी सोय विद्यापीठानेच केली आहे. त्यामुळे तो परीक्षेच्या तोंडावर, रात्री अकराला, वसतिगृहातल्या रडतखडत चालणाऱ्या वायफायवर भरला जातो. खूश असलेली मुलं वरपासून खालपर्यंत एकच रांग दाबत जातात, वैतागलेलीही तेच करतात, फक्त रांग दुसरी असते. एकविसाव्या प्रश्नात बहुतेक जण एक टिंब टाकतात, कारण रकाना रिकामा ठेवला तर फॉर्म पुढे सरकत नाही.

दुसरं, ही मतं नेमकी कुणाची? नव्या शैक्षणिक धोरणानुसार श्रेयांकांसाठी खुले वैकल्पिक विषय आले आणि सरांच्या वाट्याला पदवीचा बौद्ध धम्म परिचयाचा वर्ग आला. त्यात वाणिज्य आणि विज्ञानाची शंभरावर मुलं असतात. यातल्या बहुतेकांनी विषय निवडला तो वेळापत्रकात दुपारनंतर मोकळं राहता येतं म्हणून. त्यांची तक्रार अशी की सर पीपीटी देत नाहीत, नोट्स देत नाहीत, आणि ‘महत्त्वाचे प्रश्न’ विचारले की फक्त हसतात. ही तक्रार खरी आहे आणि त्या मुलांच्या बाजूने रास्तही आहे. पण एम.ए.ला आम्ही असतो जेमतेम डझनभर. दोन्ही वर्गांचे आकडे आपण एकाच गोणीत ओतलेत आणि वर आलेल्या सरासरीवरून निर्णय घेतलात तो एम.ए.च्या पेपरबद्दल. अकराव्या इयत्तेतल्या माझ्या विद्यार्थ्यांनासुद्धा यातला घोळ कळेल.

आता एम.ए.च्या वर्गात सरांबद्दल काय बोललं जातं ते सांगते. तिथे एका बाकावर चार प्रकारची माणसं बसतात. ज्यांच्या घरात बाबासाहेबांच्या तसबिरीशेजारी बुद्धमूर्ती आहे, आषाढी पौर्णिमेपासून अश्विन पौर्णिमेपर्यंत वर्षावासात वस्तीतल्या विहारात जाऊन ज्यांनी ग्रंथवाचन ऐकलं आहे, अशी माझ्यासारखी मुलं. इगतपुरीला धम्मगिरीत दहा दिवसांची विपश्यना शिबिरं करून आलेले, बहुतेक निवृत्त झालेले काका-मावशी. व्हिएतनाम, म्यानमार, थायलंडहून आलेले भिक्खू, ज्यांना सुत्तं, म्हणजे बुद्धांची प्रवचनं, तोंडपाठ असतात आणि मराठीत फक्त ‘किती झाले?’ एवढं येतं. शिवाय स्पर्धा परीक्षावाले एक-दोघे. पाली साहित्य हा यूपीएससीचा वैकल्पिक विषय २०१३ मध्ये गेला, ही बातमी त्यांच्यापर्यंत प्रवेश घेतल्यावर पोहोचते. या सगळ्यांनी आपापला बुद्ध घरून सोबत आणलेला असतो. सरांचा तास संपला की प्रत्येकाची कुरकूर वेगळी. विपश्यनावाले म्हणतात, सर स्वतः ध्यानाला बसत नाहीत, मग सतिपट्ठान हे ध्यानावरचं सुत्त कोणत्या तोंडाने शिकवतात? भिक्खू म्हणतात, सर महायान दोन तासांत उरकतात. आमच्यातले काही म्हणतात, सर भूमिका घेत नाहीत. आणि स्पर्धा परीक्षावाले म्हणतात, सर फार भूमिका घेतात.

या ‘भूमिका घेत नाहीत’मागे काय आहे, ते आडपडदा न ठेवता सांगते. पहिल्या आठवड्यात वर्गात एकच कुजबूज असते : सर कोण? महाराष्ट्रात हा प्रश्न आडनाव ऐकलं की सुटतो असं मानतात. सरांचं आडनाव गावावरून पडलेलं, शेवटी ‘कर’. त्यावरून काही थांग लागत नाही. आमच्या वर्गातल्या एकाने शेवटी विचारलंच, “सर, तुम्ही बौद्ध आहात का?” सर म्हणाले, “हा प्रश्न परीक्षेत येणार नाही.” वर्ग हसला. मला ते उत्तर तेव्हाही तोऱ्याचं वाटलं आणि आजही वाटतं. ज्यांच्या आजोबा-आजींनी १४ ऑक्टोबर १९५६ ला नागपुरात बावीस प्रतिज्ञा घेतल्या, त्यांच्यासाठी हा नुसत्या चौकशीचा प्रश्न नसतो. आपल्या घरातली सगळ्यांत मोलाची वस्तू आपण कुणाच्या हातात देतोय, हे त्यांना जाणून घ्यायचं असतं. सरांना एवढं तरी म्हणता आलं असतं की हे मी सांगणार नाही आणि का सांगणार नाही. पण हे एकविसाव्या प्रश्नात कोण लिहिणार? आणि लिहिलं तरी त्याला गुण किती द्यायचे?

आता त्या ‘भावनां’कडे येते, ज्यांच्यामुळे पेपर काढून घ्यायचं ठरलं आहे. तो तास मला चांगला आठवतो, कारण त्या दिवशी वर्गात जवळपास भांडणच झालं. विषय होता गृहत्याग. सरांनी फळ्यावर तीन रेघा मारून चार रकाने पाडले. पहिल्यात मज्झिम निकाय या जुन्या पाली सुत्तसंग्रहातलं अरियपरियेसन सुत्त. तिथे बुद्ध स्वतः सांगतात की आईवडिलांची इच्छा नव्हती, त्यांच्या चेहऱ्यावर आसवं होती, ते रडत असताना मी केस-दाढी उतरवली, काषाय वस्त्रं घातली आणि घरातून बाहेर पडलो. दुसऱ्यात दीघ निकाय या तशाच संग्रहातलं महापदान सुत्त. म्हातारा, आजारी, प्रेत आणि संन्यासी ही चार दृश्यं तिथे आहेत, पण ती पाहतो विपस्सी नावाचा फार पूर्वीचा बुद्ध, आपला गोतम नव्हे. तिसऱ्यात जातकट्ठकथेची, म्हणजे जातकांवरच्या बऱ्याच नंतरच्या अट्ठकथेची (टीकाग्रंथाची), निदानकथा : तीच चार दृश्यं आता सिद्धार्थाच्या आयुष्यात आली आहेत, मध्यरात्र आहे, सारथी छन्न आहे, कंथक घोडा आहे, राहुलची आई झोपलेली आहे. शाळेच्या पुस्तकात आणि कॅलेंडरच्या चित्रांत आपण जे पाहतो ते जवळजवळ सगळं या तिसऱ्या रकान्यातलं. आणि चौथ्यात बाबासाहेबांचा ‘बुद्ध आणि त्यांचा धम्म’, प्रकाशन १९५७. रोहिणी नदीच्या पाण्यावरून शाक्य आणि कोलिय यांच्यातला तंटा, शाक्य संघात युद्धाचा ठराव, त्याला सिद्धार्थाचा विरोध, बहुमताने झालेली हार आणि त्यानंतरची परिव्रज्या.

नांदेडकडचा माझा एक वर्गमित्र उभा राहिला. “बाबासाहेबांना तुम्ही अट्ठकथेच्या रांगेत बसवताय.” आवाज चढलेला होता. सर म्हणाले, “रांग काळाने लावली आहे. आता मला एवढंच सांग, मुलगा घर सोडतोय हे कुठल्या रकान्यात आईबापांना ठाऊक आहे?” आम्ही फळ्याकडे पाहिलं. पहिल्यात आणि चौथ्यात. अडीच हजार वर्षांच्या दोन टोकांना असलेले दोन रकाने एका बाजूला, आणि मधली मध्यरात्रीची, चोरपावलांनी निघून जाण्याची गोष्ट दुसऱ्या बाजूला. एकोणतीस वर्षांच्या माणसाने तोवर म्हातारा, आजारी किंवा मेलेला माणूस पाहिलाच नव्हता हे पटण्यासारखं नाही, असं बाबासाहेबांनी आपल्या प्रस्तावनेत स्वच्छ म्हटलं आहे. सरांनी तो परिच्छेद वाचून दाखवला. त्यांच्याही आधी, १९४० च्या सुमारास, गोव्याच्या धर्मानंद कोसंबींनी हाच प्रश्न मराठीत उभा केला होता, हेही सांगितलं.

तास इथे संपला असता तर सगळे खूश झाले असते. पण सर पुढे म्हणाले की अट्ठकथांमध्ये रोहिणीच्या पाण्याचा तंटा आहे खरा, मात्र तो बुद्धत्व मिळाल्यानंतरचा. तिथे बुद्ध मध्यस्थ म्हणून येतात. बाबासाहेबांनी तो गृहत्यागाच्या कारणाशी जोडला. त्यावर वर्ग पेटला. कुणी वही मिटली. मागच्या बाकावरून कुणीतरी सरांचं आडनाव मोठ्याने उच्चारलं, ज्या सुरात ते उच्चारायला नको होतं त्या सुरात.

आपल्यापर्यंत पोहोचलेली भावना दुखावल्याची तक्रार अशाच एखाद्या तासातली असणार. नंतरच्या तुकड्यांतही सर हेच चार रकाने पाडतात, असं ऐकते. पण त्या वर्गमित्राचं आजचं मत ऐका. परवा ग्रुपवर त्याने लिहिलं, “सर चुकीचं शिकवत नाहीत, चुकीच्या जागी थांबतात.” म्हणजे बाबासाहेबांनी साधनं बदलून मांडली इथपर्यंत सर येतात, पण का मांडली, संन्यासाचं कारण दुःखाच्या दर्शनातून काढून पाण्याच्या वाटपात आणि युद्धाच्या ठरावात आणण्यामागे केवढा मोठा विचार आहे, तिथे सर जात नाहीत. जे हातात वही घेऊन जन्मभर पाणी, पाणवठा आणि बहुमत यांच्याशी लढले, त्यांनी ही गोष्ट अशी का सांगितली, हे शिकवलं नाही तर चौथा रकाना अर्धाच राहतो. माझ्या मते सरांवर आजवर झालेली ही सगळ्यांत नेमकी टीका आहे. आणि ती करणाऱ्याने त्याच्याच खाली लिहिलं आहे की पेपर सरांकडून काढू नका, काढलात तर मी पहिला सही करतो निषेधाच्या पत्रावर. तुमच्या एक ते पाचच्या मोजपट्टीवर या मताला कुठे बसवाल? एकवर की पाचवर?

मुलींची मतं आणखी वेगळी. विनयातल्या, म्हणजे संघाच्या नियमग्रंथातल्या, चुल्लवग्गातलं बुद्धांची मावशी महापजापती गोतमी हिच्या प्रव्रज्येचं (संघप्रवेशाचं) प्रकरण आणि भिक्खुणींसाठीचे आठ गरुधम्म, म्हणजे कडक नियम, सरांनी शिकवले. उपसंपदा, म्हणजे संघाची पूर्ण दीक्षा, होऊन शंभर वर्षं झालेल्या भिक्खुणीनेही त्याच दिवशी उपसंपदा झालेल्या भिक्खूला उठून वंदन करायचं, हा पहिलाच नियम. आम्ही चिडलो. सरांनी समजूत घातली नाही, उलट त्याच प्रकरणातला पुढचा भाग वाचायला दिला : महापजापती नंतर आनंदामार्फत मागणी करते की निदान वंदन तरी ज्येष्ठतेप्रमाणे असावं, आणि ती नाकारली जाते. सर बुद्धांना वाचवत नाहीत, अशी तक्रार दोघींनी केली. दुसऱ्या दिवशी सर थेरीगाथा, म्हणजे थेरींच्या (ज्येष्ठ भिक्खुणींच्या) गाथांचा संग्रह, घेऊन आले. मुत्ता थेरीची गाथा : तीन वाकड्यांपासून मी सुटले, उखळ, मुसळ आणि कुबडा नवरा. हिंगोलीकडची एक मैत्रीण खो-खो हसत सुटली. म्हणाली, ही तर आमच्या आजीची जात्यावरची ओवी आहे. सरांनी तिला लगेच कामाला लावलं : आजीच्या ओव्या लिहून आण. ती घेऊन आली, त्यात भीमाच्या ओव्याही होत्या, आणि सत्र संपेपर्यंत थेरीगाथा आणि ओव्या शेजारी ठेवून आम्ही वाचत राहिलो. हे अभ्यासक्रमात नव्हतं. त्यामुळे फॉर्ममधल्या पहिल्या प्रश्नाचं उत्तर ‘५५ ते ६९ टक्के’ असं आलं असेल तर त्यातले काही टक्के या आजीच्या नावावर मांडा.

लोणावळ्याजवळच्या कार्ले लेण्यांची सहल हाही वादाचा विषय. एकवीरेच्या पायऱ्यांवर रविवारची गर्दी, ओट्या, कोंबड्या, आगरी-कोळी मंडळींचा गजर, आणि सिंहस्तंभालगतच्या त्या देवळाशेजारून तिकीट दाखवून आम्ही चैत्यगृहाच्या ओसरीत शिरलो. आमच्यातला एक जण तिथेच तापला, लेणी आमची आणि देऊळ मध्ये कसं? सर म्हणाले, आधी वाचू या, मग भांडू. ओसरीतल्या भिंतीवर वैजयंतीच्या (कर्नाटकातल्या बनवासीच्या) भूतपाल शेठीचा लेख आहे. जंबुद्वीपातलं हे सर्वांत उत्तम शैलगृह आपण पूर्ण करवलं असं तो सांगतो. आतल्या खांबांवर धेनुकाकट या गावच्या यवनांची, म्हणजे परक्या लोकांची, दानं आहेत. ज्याने विचारलं त्यालाच सरांनी बॅटरी धरून एका खांबाशी उभं केलं आणि त्याला अक्षर अक्षर जुळवत ‘थंभो दानं’पर्यंत येऊ दिलं. चांगला अर्धा तास गेला. बाकीचे कंटाळून छतातल्या लाकडी कमानी बघत बसले. तो मुलगा मात्र बाहेर येताना म्हणाला की लेणी आमची हे खरंच, पण त्यात कर्नाटकातल्या सावकाराचा आणि परक्या व्यापाऱ्यांचाही पैसा आहे. देवळाचा प्रश्न त्याच्या डोक्यातून गेला नाही, जायचं कारणही नाही. फॉर्ममध्ये सहलीबद्दल एक प्रश्न आहे : अभ्यासदौरे आयोजित केले जातात का? होय किंवा नाही.

आता सरांचे दोष, कारण ते आम्ही सांगितले नाहीत तर दुसरं कुणी सांगणार नाही. निबंध तपासून मिळायला महिने लागतात. माझा एक निबंध निकालानंतर हातात पडला. फळ्यावरचं अक्षर मुंगीएवढं. शिकवण्याच्या भरात ते मराठीतून इंग्रजीत कधी गेले हे त्यांनाही कळत नाही, आणि भिक्खूंना ते बरं वाटतं, पण औसा-किनवटच्या मुलांची लेखणी तिथे थांबते. सगळ्यांत मोठा दोष असा की शाळेत संस्कृत घेऊन ‘देव’ शब्द चालवलेली मुलं आणि पाली प्रथमच पाहणारी मुलं, दोघांना ते एकाच वेगाने हाकतात. विभक्ती सांगताना “हे तुम्हाला येतच असेल” हे त्यांचं पालुपद. आम्हाला येत नव्हतं. कुणाच्या शाळेत संस्कृत होतं आणि कुणाच्या नव्हतं, हा काही निव्वळ योगायोग नसतो, आणि बौद्ध अध्ययन शिकवणाऱ्या माणसाला हे उमजायला हवं. पहिल्या सत्रात दोन मुली एवढ्याच कारणाने विभाग सोडून गेल्या. त्यांनी फॉर्म भरलाच नाही, कारण हॉलतिकिटाची त्यांना गरज उरली नाही.

पण यातला किती दोष सरांचा आणि किती आपला, हेही समितीने पाहावं. पायाभूत पाली शिकवायला पूर्वी वेगळ्या बाई होत्या. त्या निवृत्त झाल्या, जागा भरली गेली नाही, तासिका तत्त्वावर कुणी येतं ते सत्राच्या मध्याला येतं आणि मानधन वेळेवर न मिळाल्याने पुढच्या सत्राला दिसत नाही. ३ ऑक्टोबर २०२४ ला केंद्राने मराठीबरोबर पालीलाही अभिजात भाषेचा दर्जा दिला, तेव्हा विद्यापीठाच्या प्रवेशद्वारावर फलक लागला होता. फलकावरच्या भाषेचं पहिल्या वर्षाचं व्याकरण शिकवायला त्या दिवशी विभागात कुणी नव्हतं.

विद्यार्थ्यांनी गुरूबद्दल बोलूच नये, असं मी म्हणत नाही. निदान या विषयात तरी तसं म्हणता येणार नाही. विनयात पवारणा आहे. वर्षावास संपला की भिक्खू एकत्र बसतात आणि प्रत्येक जण संघाला विनंती करतो की माझं काही चुकलेलं तुम्ही पाहिलं असेल, ऐकलं असेल किंवा तुम्हाला शंका आली असेल तर कृपा करून सांगा, मला दिसलं तर मी सुधारेन. हे तीनदा म्हणायचं. आणि सुरुवात करायची ती सगळ्यांत ज्येष्ठ भिक्खूने, उकिडवं बसून, हात जोडून. दोष दाखवणाऱ्यालाही अटी आहेत : वेळ पाहून बोलावं, खरं असेल तेच बोलावं, मऊ शब्दांत बोलावं, उपयोगाचं बोलावं, मनात मैत्री ठेवून बोलावं. आपला फॉर्म यातल्या पहिल्याच अटीवर घसरतो.

सर दर सत्राच्या शेवटी एक तास यासाठी राखतात. तो वेळापत्रकात नाही. ते टेबलावरून उठून आमच्या बाकावर येऊन बसतात आणि कुणीतरी उभं राहून बोलतं. नांदेडच्या त्या मित्राने चौथ्या रकान्याबद्दलचं म्हणणं पहिल्यांदा तिथेच मांडलं होतं, अर्थात जास्त कडक शब्दांत. सर वाद घालतात, गप्प बसून ऐकणं त्यांना जमत नाही, हाही त्यांचा एक दोषच. पण पुढच्या वर्षीच्या तुकडीला त्यांनी महाडच्या सत्याग्रहापासून सुरुवात करून मग गृहत्याग शिकवला, असं आमच्या कानावर आलं.

तरीही अशा समोरासमोरच्या तासाने सगळं भागेल असं मी मानत नाही. अंतर्गत गुण ज्याच्या हातात आहेत त्याच्या तोंडावर बोलायला सगळ्यांचीच छाती होत नाही, आणि कुणाची होत नाही हे आपण जाणता. आडनाव बदलून प्रवेश घेतलेली मुलं आमच्याही विभागात होती. म्हणून निनावी अभिप्राय राहायलाच हवा. फक्त तो निनावी असावा, निःशब्द नसावा. हॉलतिकिटाशी त्याची गाठ सोडा. सत्राच्या मध्यावर एकदा घ्या, म्हणजे काही सुधारायचं तर त्याच मुलांना उपयोग होईल. खुल्या वैकल्पिक वर्गाचा आणि एम.ए.चा हिशोब वेगळा ठेवा. आणि मुलांनी शब्दांत जे लिहिलं आहे ते नावं वगळून विभागाला आणि सरांना वाचायला द्या. आजवर त्यांना फक्त आकडा मिळाला आहे, असं विभागातले शिपाईमामासुद्धा सांगतात.

पेपरचा निर्णय मात्र आत्ताच मागे घ्या. भावना दुखावल्या हे कारण एकदा चाललं की ते सगळीकडे चालेल. आज बाबासाहेबांच्या नावाने सरांचा पेपर गेला, तर उद्या याच इतिवृत्ताचा हवाला देऊन कुणी मनुस्मृतीवरची चिकित्सा शिकवणाऱ्या बाईंचा पेपर काढायला येईल, आणि तेव्हा आमच्या बाजूने बोलायला आमच्याकडे तोंड उरणार नाही. मी जय भीम म्हणणाऱ्या घरातली आहे, म्हणून हे मी लिहिणं जास्त गरजेचं आहे असं मला वाटलं. बाबासाहेबांनी १९४६ मध्ये मुंबईत सिद्धार्थ आणि १९५० मध्ये औरंगाबादला मिलिंद महाविद्यालय उभं केलं. त्या दुसऱ्या नावातला मिलिंद राजा ‘मिलिंदपञ्ह’ या पाली ग्रंथात भिक्खू नागसेनाला प्रश्नांमागून प्रश्न विचारतो, आणि त्याच्या भावनांची कुणी समिती नेमत नाही.

सत्र सुरू होण्याआधी समितीची आणखी एक बैठक आहे असं कळतं. त्या बैठकीत एकविसाव्या प्रश्नाची सगळी उत्तरं छापून टेबलावर ठेवावीत, टिंबांसकट. विभागातल्या प्रिंटरचा टोनर संपलेला आहे, तो आम्ही माजी विद्यार्थी वर्गणी काढून आणून देतो.

आपली विश्वासू,
पाली विभागाची एक माजी विद्यार्थिनी

प्रत माहितीसाठी : विभागप्रमुख, पाली व बौद्ध अध्ययन विभाग. सरांना प्रत पाठवलेली नाही.